जुन्या जीपचे स्टेअरिंग आणि कमानपाटे

असोद्याहून जळगाव काही लांब नाही. पण जुन्या जीपमधून तेवढेच अंतर गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला उतरल्यावर कंबर धरून उभे राहावे लागते. ‘जीप म्हटली की हादरे आलेच,’ असे म्हणून आपण ते सोसतो. आमच्या मते यातील निम्मे हादरे जीपचे नसून आपल्या हेळसांडीचे आहेत. शिवाय प्रश्न केवळ कंबरेचा नाही. ज्या गाडीचे स्टेअरिंग हातभर फिरवल्यावर चाके वळू लागतात, ती भरधाव मालमोटारीसमोर आली म्हणजे आतल्या मुलाबाळांचे काय, हाही आहे.

जीपची मूळ घडण दुसऱ्या महायुद्धातली. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. २००० साली बोलेरो आली, तरी तिच्याही मागच्या चाकांवर पाटेच राहिले. पाट्यांचा गुण असा की ते ओझे निमूट वाहतात. पण एकावर एक बसवलेल्या या पोलादी पट्ट्या वाकताना एकमेकींवर घसरल्या पाहिजेत. मध्ये गंज आणि चिखल बसला की त्या घसरत नाहीत. सारी चवड एका पहारीसारखी ताठ होते आणि प्रत्येक खड्डा थेट बैठकीला पोचतो. आपले वडीलधारे बैलगाडीच्या आसाला नेमाने वंगण घालीत. जीपच्या पाट्यांनी काय गुन्हा केला? पाटे उतरवून, घासून, मध्ये ग्रीस भरून बसवावेत आणि शॅकलचे झिजलेले बुश बदलावेत. कापसाच्या गाठोड्यांसाठी कोणी जादा पाटा घातला असेल, आणि आता गाडीत केवळ माणसेच बसत असतील, तर तो काढून टाकावा.

शॉकअॅब्सॉर्बर ओझे पेलतो असा पुष्कळांचा समज आहे. तो पेलीत नाही; पाट्यांची उसळी थांबवतो. आतले तेल बारीक छिद्रांतून जाताना उसळीची शक्ती उष्णतेत जिरते. बाहेरून तेलाचा ओघळ दिसला, की तो संपला असे समजावे.

स्टेअरिंगचा प्ले शोधायला दोन माणसे लागतात. गाडी चाकांवर उभी ठेवून एकाने स्टेअरिंग थोडे डावीउजवीकडे हलवावे, दुसऱ्याने खाली वाकून एकेक सांधा पाहावा. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी जागच्या जागी राहते, तो झिजलेला. पुढे गाडी जॅकवर उचलून, खाली भक्कम ठोकळे देऊन, चाक वरखाली धरून हलवावे. खडखड झाली तर एकाने ब्रेक दाबावा. खडखड गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिली तर किंगपिनचा. हे सर्व पाहिल्यावाचून स्टेअरिंगच्या पेटीचा स्क्रू आवळणे हा आमच्याकडे फार आवडता उपाय आहे, आणि तो घातक आहे. प्ले तात्पुरता लपतो, पण पेटी आतून घासून चाके सरळ व्हायला अडू लागतात.

रुंद टायर आणि उंच शॅकल यांचा मोह तरुणांना होतो. त्याने स्टेअरिंग जड होते व पुढच्या आसाचा कोन बिघडून गाडी रस्ता सोडून भटकते. तो खर्च टाय रॉडच्या टोकांवर करावा, मग अलाइनमेंट करून घ्यावे. आणि टायरमधील हवा मे महिन्यात पहाटेच मोजावी. दुपारच्या तापलेल्या रस्त्यावर काटा नेहमीच जास्त दाखवतो.