वैशाखातले पाताळपाणी

पाताळपाणी पाहावे ते श्रावणात, ही आम्हा इंदूरकरांची जुनी रीत. डबे भरून निघावे, धुक्यातून कोसळणारे पाणी पाहावे, भिजून घरी यावे. गेल्या वैशाखात मात्र मी तेथे भर उन्हात गेलो. त्या दिवशी माझ्या हातून एक चूक घडली, तीच सांगणार आहे.

बेत माझे चुलतभाऊ अण्णा यांचा. त्यांची सारी नोकरी महू-खंडवा मार्गावर गेली. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० मध्ये एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले, त्यातून झालेला हा लोहमार्ग. पाताळपाणीच्या पुढे घाटात त्याचा उतार चाळीस फुटांस एक फूट. घाटातली नेहमीची मीटर गेजची गाडी २०२३ मध्ये बंद झाली. तेव्हापासून अण्णांचे एकच म्हणणे, "एकदा घाट डोळे भरून पाहून येऊ." शेवटी अण्णा, मी आणि माझा दहा वर्षांचा नातू असे तिघे भल्या पहाटे निघालो. बरोबर दशम्या, लू लागू नये म्हणून खिशात कांदा, आणि अण्णांची नोकरीतली कॅनव्हासची छागल.

कड्यापाशी पोचलो तेव्हा ऊन चढू लागले होते. सुमारे तीनशे फुटांचा काळा कातळ उघडा पडलेला, आणि त्याच्या एका कडेने सुतासारखी ओल. नातू म्हणाला, "आजोबा, धबधबा कुठे आहे?" अण्णा हसले. "हाच तो. सध्या झोपलाय."

पाऊलवाटेने दरीत उतरलो. सागाची पाने गळून गेलेली, त्यामुळे सावली म्हणून नाही. खाली मी छागलीतले दोन पेले पाणी घेऊन खुशाल तोंड धुतले. उरलेले पाणी परतीच्या अर्ध्या चढावरच संपले. थोड्याच वेळात अण्णा एका दगडावर बसले. चेहरा लाल, घाम थांबलेला, बोलणे अडखळणारे. माझ्या पोटात धस्स झाले.

शेळ्या चारणाऱ्या एका बाईने आम्हाला पाहिले. तिने आधी अण्णांना कड्याच्या आडोशाला बसविले, मग मला ओढ्याच्या कोरड्या पात्रात नेले. तेथे वाळूत हातभर खोल झिरा होता, काटेरी फांदीने झाकलेला. तळाशी ओंजळभर पाणी. ते तिने पदरातून गाळून छागलीत ओतले, आणि मी पुन्हा हात घालू लागताच मला थांबविले. झिरा भरू द्यायचा होता. बसून राहिलो. एक तांब्याभर पाणी जमायला किती वेळ लागतो, हे आयुष्यात प्रथमच मोजले.

बसल्या बसल्या मनात हिशेब चालला होता. या कड्यावरचे पाणी चोरलमार्गे नर्मदेला मिळते. तीच नर्मदा १९७८ पासून जलूदहून पंपांनी विंध्याचा चढ चढवून सुमारे सत्तर किलोमीटरवर इंदूरला आणली जाते. आम्ही सकाळी घरच्या नळावर छागल भरली, ती त्याच पाण्याने. इतक्या लांबून, इतक्या कष्टाने वर चढविलेले पाणी मी तोंडावर उडवून वाळूत सांडले होते.

अण्णांच्या डोक्यावर ओले उपरणे ठेवले, घोटघोट पाणी पाजले. तासाभराने ते नीट बोलू लागले. निघताना बाईने झिऱ्यावर पुन्हा फांदी ओढली. शेळ्या भोवती उभ्याच होत्या.

महूच्या रस्त्याला लागल्यावर अण्णांचा डोळा लागला. नातू बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "आजोबा, आपण सगळं घेतलं. त्या शेळ्यांना मग पाणी मिळालं असेल ना?"

मी उत्तर दिले नाही. ते मला अजून सुचलेले नाही.