न बदलणाऱ्या भिंगाचे दशक

फेब्रुवारी २०२४ मध्ये फुजीफिल्मने एक्स१०० मालिकेतील सहावा कॅमेरा जाहीर केला, तेव्हा त्याची किंमत १,५९९ अमेरिकी डॉलर होती, आणि तरीही मागणी इतकी उसळली की आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. याच मालिकेतील पहिला कॅमेरा २०११ मध्ये १,१९९ डॉलरला मिळत होता. वाढलेली किंमत महागाईच्या खाती टाकता येईल. परंतु ही मागणी मुख्यतः समाजमाध्यमांवर त्या कॅमेऱ्याच्या देखण्या रूपाची वाहवा झाल्यामुळे आली, ही गोष्ट अधिक बोचणारी आहे, कारण ज्या गुणांमुळे हा कॅमेरा घडला ते गुण या वाहवेत कोठेच आढळत नाहीत.

एक्स१०० सारख्या प्रगत छोट्या कॅमेऱ्याचे भिंग, म्हणजेच लेन्स, काढता किंवा बदलता येत नाही, आणि वरवर पाहता ही त्याची मर्यादा वाटते. प्रत्यक्षात भिंग आणि सेन्सर, म्हणजे प्रकाशाचे विद्युत्संकेतांत रूपांतर करणारी पट्टिका, हे दोन्ही एकमेकांसाठीच घडवता येत असल्यामुळे भिंगाचा मागील भाग सेन्सरच्या अगदी निकट नेता येतो, यंत्र लहान राहते आणि शटरही भिंगाच्या आतच बसवता येते.

या प्रकाराच्या आरंभीच्या वर्षांत फारसे रेंगाळण्याचे कारण नाही. कॅननचा जी१ २००० मध्ये आला. एफ/२ इतके उजळ भिंग, फिरणारा पडदा आणि सेन्सरवरील मूळ नोंद जशीच्या तशी जपणारी ‘रॉ’ फाइल या तिन्ही गोष्टी त्यात होत्या. २००६ च्या जी७ मध्ये मात्र या तिन्ही गोष्टी काढून घेण्यात आल्या आणि त्यांच्या जागी लांबचे ओढून आणणारा झूम व १० मेगापिक्सेलचा आकडा ठेवण्यात आला. नखाएवढ्या सेन्सरवर अधिकाधिक बिंदू कोंबले की प्रत्येक बिंदूच्या वाट्याला येणारा प्रकाश घटतो आणि अंधाऱ्या भागांत दाणेदार खळबळ दिसू लागते, हे ठाऊक असूनही ही शर्यत जी१० च्या १४.७ मेगापिक्सेलपर्यंत रेटली गेली, आणि त्या काळातील अनेक परीक्षणांनीही आकड्यांनाच गुण दिले. २००९ मध्ये जी११ पुन्हा १० मेगापिक्सेलवर आला, तेव्हा ती शर्यत चुकीची होती याची कबुली खुद्द उत्पादकाकडूनच मिळाली.

खरे दशक सुरू झाले ते २००८ मध्ये. पॅनासॉनिकच्या एलएक्स३ ने मेगापिक्सेल १० वरच रोखून धरले आणि लांब झूमचा मोह टाळून २४ ते ६० मिलिमीटर एवढाच, पण एफ/२ ते एफ/२.८ इतका उजळ पल्ला दिला. (एफ हा आकडा जितका लहान, तितके भिंगाचे छिद्र मोठे आणि आत येणारा प्रकाश अधिक.) २०१२ मध्ये सोनीच्या आरएक्स१०० ने सुमारे २४० ग्रॅम वजनात ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा सेन्सर बसवला. त्याचे क्षेत्रफळ तोवरच्या बहुतेक प्रगत छोट्या कॅमेऱ्यांतील सेन्सरच्या अडीचपटींहून अधिक होते. २०१३ मध्ये रिकोच्या जीआरने याहून पुष्कळ मोठा, एपीएस-सी आकाराचा सेन्सर खिशात मावणाऱ्या देहात आणला. दाइदो मोरियामा यांच्यासारख्या रस्त्यावरील छायाचित्रणाच्या दिग्गजाने फिल्मच्या काळापासून याच घराण्याचे कॅमेरे हाती धरले होते, आणि त्या कॅमेऱ्यांचे २८ मिलिमीटरचे एकच दृष्टिक्षेत्र या नव्या यंत्रातही कायम राहिले.

तथापि या दशकाचे सार पाहायचे तर ते पहिल्या एक्स१०० मध्ये पाहावे. छिद्राचे कडे भिंगावर आणि शटरवेगाची तबकडी माथ्यावर असल्यामुळे कॅमेरा बंद असतानाही त्याची मांडणी नजरेने वाचता येत असे. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून चौकट ठरवण्याची खिडकी, दुहेरी होती: पुढची कळ दाबली की काचेतून दिसणारे खरे दृश्य जाऊन सेन्सरवरील प्रतिमा दिसे, आणि काचेच्या दृश्यात चौकटीबाहेरचा भागही दिसत असल्यामुळे तिच्यात शिरू पाहणारा माणूस आधीच लक्षात येत असे. भिंगातील शटरच्या पाकळ्या जवळजवळ निःशब्द उघडत आणि सेकंदाच्या हजाराव्या भागातही फ्लॅशशी मेळ राखत. सरकत्या पडद्यांच्या शटरला हे सहसा सेकंदाच्या अडीचशेव्या भागापलीकडे जमत नाही, आणि म्हणून दुपारच्या कडक उन्हात चेहऱ्यावरील काळी सावली फ्लॅशने उजळण्याचे काम हा लहानसा कॅमेरा मोठ्या यंत्रांपेक्षा सहज करी. छिद्र पूर्ण उघडे असताना पाकळ्यांना अधिक अंतर कापावे लागते आणि शटरवेगावर मर्यादा येते, म्हणून प्रकाश एक-अष्टमांशावर आणणारा करडा गाळकही आतच बसवला होता. या कॅमेऱ्याचे स्वयंकेंद्रीकरण मंद होते आणि हाताने केंद्रित करण्याचे कडे निरर्थक फेरे घेत असे, हे दोष खरेच. परंतु दुसरे रूप बाजारात आल्यानंतरही, २०१३ च्या अखेरीस, उत्पादकाने जुन्या कॅमेऱ्यासाठी सुधारित आज्ञावली दिली, आणि जुन्या ग्राहकाला दिलेला असा मान पुढे दुर्मीळ झाला.

ऱ्हासाचे कारण सर्वश्रुत आहे. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले होते, तर २०२३ मध्ये ही संख्या ८० लाखांच्याही खाली होती. मधला सारा भाग मोबाइलने व्यापला. २०१६ मध्ये घोषित झालेली निकॉनची डीएल मालिका तर एकही कॅमेरा विक्रीस न येता वर्षभरात रद्द झाली. परंतु सगळा दोष मोबाइलवर ढकलता येत नाही. उरलेल्या कॅमेऱ्यांतून एकेक सोय काढून घेतली गेली: आरएक्स१०० च्या २०१८ मधील सहाव्या रूपात झूम २०० मिलिमीटरपर्यंत ताणताना भिंगाचा उजळपणा आणि आतील करडा गाळक दोन्ही गमावले गेले, आणि २०१९ च्या जीआर ३ मधून अंगचा फ्लॅश नाहीसा झाला. मोबाइलला जे जमत नव्हते तेच सोडून देण्याचा हा निर्णय अनाकलनीय होता.

आज वाढीव किमतीला विकला जाणारा कॅमेरा घेण्यापूर्वी वाचकाने त्याच्या रूपापेक्षा आधी चार गोष्टी तपासाव्यात: भिंग किती उजळ आहे, शटर कोठे आहे, व्ह्यूफाइंडर आहे का, आणि फ्लॅश अंगचा आहे की वेगळा विकत घ्यावा लागतो. कॅननच्या जी मालिकेत काचेचा व्ह्यूफाइंडर असलेला शेवटचा कॅमेरा जी१६ होता, आणि तो २०१३ मध्ये आला होता.