घरातील यंत्रे (६) : कॉम्बी बॉयलर का थरथरतो

ब्रिटनमधील असंख्य घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर किंवा एखाद्या कपाटाच्या आड सव्वादोन-अडीच फूट उंचीची एक पांढरी पेटी टांगलेली असते. खोल्या उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरांत गरम पाणी खेळवणे आणि तोटी सोडताच न्हाणीघरात ऊन पाणी देणे ही दोन्ही कामे ती एकटी करते, म्हणून तिला ‘कॉम्बिनेशन’ म्हणजे जोडकामाचा, आणि रोजच्या बोलण्यात नुसता ‘कॉम्बी’ बॉयलर म्हणतात. महाराष्ट्रातून तेथे स्थायिक होणाऱ्या कुटुंबांना ती प्रथमदर्शनी गिझरची थोरली बहीण वाटते. परंतु साठवणीच्या गिझरमध्ये पंधरा-पंचवीस लिटर पाणी आधीच तापवून ठेवलेले असते, तर कॉम्बीत नळाच्या पाण्याची साठवण जवळजवळ नसतेच. तत्त्वाचे नाते पाहायचे तर ते तांब्याच्या जुन्या बंबाशी अधिक जुळते, कारण मधोमध जाळ, त्याच्या भोवती पाणी आणि दोहोंच्या मध्ये धातूची पातळ भिंत ही बंबाची मांडणीच या पेटीच्या गाभ्यातही आहे.

या बॉयलरविषयीची नेहमीची तक्रार ‘तो थरथरतो’ एवढ्या एकाच शब्दात केली जाते. प्रत्यक्षात पाच-सहा निरनिराळे विकार त्या एका शब्दाखाली दडलेले असतात आणि त्यांपैकी कोणता विकार आहे हे आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कोणत्या क्षणी येतो यावरून अधिक नेमके कळते. त्यासाठी पेटीतून वाहणारे तीन प्रवाह आधी वेगवेगळे ओळखले पाहिजेत.

पहिला प्रवाह हवेचा आणि इंधनवायूचा. पंखा बाहेरची हवा ओढतो, त्या हवेच्या प्रमाणात झडप इंधनवायू सोडते, आणि दोहोंचे मिश्रण ज्वालकाच्या म्हणजे बर्नरच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडून जळते. चोवीस किलोवॅटचा बॉयलर पूर्ण जोरात चालू असताना ताशी सुमारे अडीच घनमीटर इंधनवायू आणि त्याच्या दहा-बारा पट हवा त्यातून जाते. दुसरा प्रवाह रेडिएटरांच्या पाण्याचा. तो बंद वर्तुळात फिरतो, म्हणजे पंप तेच ते पाणी उष्णता-विनिमयकातून (ज्वाळेची उष्णता पाण्याला देणाऱ्या धातूच्या भागातून) रेडिएटरांकडे आणि परत असे फिरवत राहतो. तिसरा प्रवाह नळाच्या ताज्या पाण्याचा. तोटी सोडल्यावर मिनिटाला दोन-अडीच लिटर पाणी वाहू लागले की त्या मार्गातील इवलेसे चक्र फिरते, त्याचा संकेत मिळताच तीन तोंडांची झडप वळते आणि बंद वर्तुळातील गरम पाणी रेडिएटरांऐवजी आतल्या एका लहान पत्र्यांच्या विनिमयकात शिरते. तेथे एकाआड एक बसवलेल्या पातळ पत्र्यांच्या एका बाजूने हे गरम पाणी आणि दुसऱ्या बाजूने नळाचे थंड पाणी जाते. दोन्ही पाणी एकमेकांत न मिसळता उष्णता मात्र पलीकडे जाते.

वाहते पाणी क्षणार्धात तापवायचे म्हणजे शक्ती मोठी लागते. चोवीस किलोवॅटमध्ये मिनिटाला दहा लिटरच्या आसपास पाणी पस्तीस अंशांनी तापते. घरगुती विजेच्या गिझरची शक्ती दोन-तीन किलोवॅटच असते, म्हणूनच त्याला साठवणीची टाकी लागते. गंमत अशी की बेताच्या घरातील रेडिएटरांना एरवी याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही शक्ती पुरते. अंघोळीसाठी आणलेला घोडा दिवसभर हलकी गाडी ओढत असतो, आणि बॉयलरची बरीचशी कुरकुर या विषमतेतून निघते; ज्वाळा ठरावीक मर्यादेखाली लहान करता येत नसल्यामुळे तो वारंवार विझतो आणि वारंवार पेटतो, आणि प्रत्येक पेटण्याबरोबर पंखा, झडप व ज्वाळा यांना नव्याने सुरुवात करावी लागते.

कंपनाचा सर्वांत साधा उगम पंख्यात असतो. पंख्याच्या पात्यांवर धूळ चढली किंवा त्याचे बेअरिंग झिजले की फिरणाऱ्या वजनाचा तोल ढळतो आणि प्रत्येक फेऱ्याला एक हिसका बसतो. मिनिटाला तीन हजार फेरे असतील तर सेकंदाला पन्नास हिसके. प्रत्येक पत्र्याला, नळीला आणि भिंतीला स्वतःची अशी एक स्वाभाविक कंपनगती असते आणि बाहेरून बसणारे हिसके नेमके त्याच गतीने येऊ लागले की लहान धक्क्यांतूनही मोठी थरथर उभी राहते. यालाच अनुस्पंदन म्हणतात, आणि योग्य क्षणी हलका हात लावून झोपाळा उंच चढवण्यामागेही हेच तत्त्व असते. म्हणून पंख्याची थरथर बहुधा सलग नसते. पंखा वेग घेत असताना ती एका टप्प्यावर एकदम उसळते, शेजारच्या फळीवरचे पेले किणकिणतात, आणि वेग आणखी वाढला की ती नाहीशी होते. पेटीच्या पत्र्यावर तळहात टेकवताच आवाज बदलत असेल, तर दोष पत्र्याच्या सैल स्क्रूइतका क्षुल्लकही असू शकतो. भक्कम विटांच्या भिंतीवर जो बॉयलर शांत असतो, तोच लाकडी चौकटीवर प्लास्टरबोर्ड ठोकून केलेल्या पोकळ भिंतीवर डफासारखा घुमतो.

याहून गुंतागुंतीचा आणि अधिक वेळा आढळणारा विकार पाण्याचा आहे. ब्रिटनमधील कारागीर त्याला ‘केटलिंग’ म्हणतात, कारण तो आवाज चहाच्या किटलीसारखा असतो. भातासाठी आधण ठेवणाऱ्याला त्याचे शास्त्र वेगळे सांगावे लागत नाही: पाणी उकळण्याच्या बरेच आधी पातेले गुणगुणू लागते, मग घरघरते, आणि खळखळून उकळी फुटल्यावर तो कर्कशपणा ओसरतो. तळाशी तापलेल्या धातूला टेकलेले पाणी आधी उकळते, वाफेचे बुडबुडे वर निघतात, वरच्या थंड पाण्यात शिरताच वाफ पुन्हा पाणी होते आणि बुडबुडा आतल्या आत कोसळतो. सगळे पाणी सारखे तापले की बुडबुडे न कोसळता पृष्ठभागापर्यंत पोहोचतात, म्हणून आवाज मऊ होतो. किटलीच्या या आवाजाचे वर्णन ऑसबर्न रेनल्ड्स यांनी केले होते आणि ते वाचूनच लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली, पाण्यातील पोकळी कोसळताना किती प्रचंड दाब निर्माण होतो याचे गणित मांडले. जहाजांच्या पंख्यांची पाती खाणाऱ्या बुडबुड्यांच्या अभ्यासाचा तो निबंध आजही पाया मानला जातो; त्याची सुरुवात स्वयंपाकघरातील भांड्यापासून व्हावी, हे त्या विषयाला शोभणारेच आहे.

बॉयलरमध्ये मात्र पाणी उकळणे अपेक्षितच नसते. बंद वर्तुळात थंड असताना एक ते दीड बार दाब ठेवलेला असतो (एक बार म्हणजे स्थूलमानाने वातावरणाच्या दाबाइतका अतिरिक्त दाब), आणि दीड बारला पाणी उकळायला सुमारे १२७ अंश सेल्सिअस तापमान लागते. बाहेरच्या पडद्यावर तर सत्तर अंशच दिसत असतात. तरीही बुडबुडे उठतात, ते विनिमयकाच्या आतल्या भिंतीवर जमलेल्या थरामुळे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या मानाने चुन्याचा थर उष्णता वाहून नेण्यात सुमारे शंभर पटींनी मंद असतो, त्यामुळे ज्वाळेकडची बाजू निवत नाही, थराच्या भेगांत अडकलेले चमचाभर पाणी वाफ होऊन फुटते आणि बाहेरच्या गार प्रवाहात ती वाफ कोसळते. अशा शेकडो कोसळण्यांची सरमिसळ म्हणजे ती घरघर आणि तिच्याबरोबरची थरथर. लंडन आणि इंग्लंडचा आग्नेय भाग येथील पाणी दुष्फेन, म्हणजे साबणाला फेस न येऊ देणारे, चुनखडीतून झिरपून आलेले असते, तर स्कॉटलंडमधील बहुतेक पाणी सुफेन असते. त्यामुळे एकाच बनावटीचा बॉयलर ग्लासगोत वर्षानुवर्षे शांत आणि लंडनमध्ये कुरकुरणारा असू शकतो.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. वर्तुळ बंद असेल आणि तेच पाणी फिरत असेल, तर त्यातील चुना एकदाच साचून संपायला हवा. तो वाढतो कसा? याचे उत्तर बहुतेकदा प्रसरण-पात्र नावाच्या, पेटीत मागे दडलेल्या एका चपट्या डब्यात असते. दहा अंशांपासून ऐंशी अंशांपर्यंत तापताना पाणी जवळजवळ तीन टक्क्यांनी फुगते, म्हणजे शंभर लिटरच्या वर्तुळात तीन लिटर जास्तीच्या पाण्याला कोठेतरी जागा लागते. ती जागा या डब्यातील रबरी पडद्यामागची कोंडलेली हवा दबून करून देते. ती हवा काही वर्षांत निसटली की पाणी तापताच दाब तीन बारवर जातो, सुरक्षा-झडप उघडते आणि थोडे पाणी घराबाहेर ठिबकते. सकाळी बॉयलर थंड होतो तेव्हा काटा शून्याकडे आलेला असतो, आणि घरातील मंडळी खालची चावी फिरवून नवे पाणी भरतात. हे आठवड्यातून एकदा होऊ लागले की वर्तुळ नावापुरतेच बंद राहते. प्रत्येक भरण्याबरोबर नवा चुना येतो आणि पाण्यात विरघळलेला नवा प्राणवायूही येतो, जो रेडिएटरांच्या पोलादाला गंजवून मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा, शाईसारखा गाळ तयार करतो. घरघर ऐकू येते ती विनिमयकात, पण तिचे मूळ काही महिन्यांपूर्वी हवा गमावलेल्या त्या डब्यात असते. असा डबा व गाळ तसेच ठेवून नुसता नवा बॉयलर बसवून घेणे, जे सर्रास घडते, म्हणजे जुने दुखणे नव्या यंत्राला सोपवणे होय.

गाळाचा अंदाज पेटी न उघडता घेता येतो. तापलेल्या रेडिएटरवर हात फिरवून पाहिल्यास वरचा भाग गरम आणि तळाचा मधला भाग गार लागला, तर तेथे गाळ बसला आहे; उलट वरचा भाग गार आणि खालचा गरम लागला, तर वर हवा कोंडली आहे, जी कडेच्या लहान चावीने सोडता येते. ही ‘हवा’ कित्येकदा गंजण्याच्या क्रियेत निर्माण झालेला हायड्रोजन असते, म्हणून ती सोडताना जवळ मेणबत्ती किंवा सिगारेट असू नये. हीच हवा पंपापर्यंत पोहोचली की त्याची पाती कधी पाण्यात तर कधी बुडबुड्यांत फिरतात, आणि बारीक वाळू दळल्यासारखा आवाज येतो.

थरथर फक्त नळ सोडल्यावरच येत असेल आणि रेडिएटर चालू असताना नसेल, तर संशयाचा रोख पत्र्यांच्या त्या लहान विनिमयकाकडे वळतो. नळाचे पाणी रोज नवे असल्याने चुन्याचा खरा मारा तेथेच होतो. पत्र्यांमधील वाटा बुजल्या की बंद वर्तुळातील पाणी उष्णता न सोडताच तापलेले परत येते, बॉयलर स्वतःला वाचवण्यासाठी ज्वाळा विझवतो, पुन्हा पेटवतो, आणि शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसावर आळीपाळीने ऊन आणि गार पाणी पडते.

ज्वाळेचे स्वतःचे कंपन हा या विषयातील सर्वांत सुंदर आणि सर्वांत गंभीर भाग आहे. नळीत ठेवलेली ज्योत गाऊ लागते हे ब्रायन हिगिन्स यांनी १७७७ मध्येच पाहिले होते. त्याचे कारण रॅले यांनीच १८७८ मध्ये सांगितले: हवा दबलेली असते नेमक्या त्याच क्षणी ज्योतीतून जास्त उष्णता मिळाली तर आवाज वाढत जातो, आणि हवा विरळ असताना मिळाली तर तो मरतो. बॉयलरचा ज्वालक, त्याची बंदिस्त पेटी आणि धुराडे मिळून अशीच एक नळी होते. वायू आणि हवा यांचे प्रमाण बिघडले, ज्वालकाची छिद्रे भरली किंवा धुराड्यात अडथळा आला, की पेटताक्षणी किंवा ज्वाळा लहानमोठी होताना शंख फुंकल्यासारखा घुमणारा आवाज येतो. पेटताना ‘भक्’ असा धमाका होत असेल, तर वायू आधी साचून मागाहून पेटत आहे असे समजावे. या दोन्ही लक्षणांनंतर बॉयलर बंद ठेवणेच योग्य, कारण अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू निर्माण होतो. इंधनवायूशी संबंधित असे काम करण्याची परवानगी तेथे ‘गॅस सेफ रजिस्टर’ या, २००९ पासून चालत आलेल्या, नोंदणीतील कारागिरांनाच आहे; घरमालकाने कान आणि तळहात वापरावा, पेचकस नव्हे.

थंडीच्या दिवसांत आणखी एक आवाज येतो, तो गुळण्यांसारखा. इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून बसवले जाणारे बहुतेक बॉयलर धुरातील वाफही निववून तिची अप्रकट उष्णता, म्हणजे वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता, वापरतात. त्यासाठी रेडिएटरांकडून परतणारे पाणी सुमारे पंचावन्न अंशांपेक्षा गार असावे लागते. म्हणूनच ऐंशी अंशांवर लावून ठेवलेला बॉयलर उष्णता वाया घालवतो आणि विनिमयकाच्या भिंतीही अकारण तापवतो. रेडिएटरांकडे जाणारे पाणी साठ अंशांच्या आत ठेवल्याने इंधन वाचते, आणि पुष्कळदा घरघरही निम्म्यावर येते. निवलेले किंचित आम्ल पाणी एका प्लॅस्टिकच्या नळीने बाहेर जाते, आणि ती नळी उघड्यावर असली तर गोठते. डिसेंबर २०१० च्या कडाक्यात असे कितीतरी बॉयलर गुळण्या करत बंद पडले. नळीवर कोमट पाणी ओतले की ते बहुधा पुन्हा चालू होतात.

आणि बॉयलर विझल्यानंतर, घर निजत असताना, जमिनीखालून येणारी टकटक बॉयलरची नसतेच. दहा मीटर लांबीची तांब्याची नळी पन्नास अंशांनी निवताना साडेआठ मिलिमीटर आखडते; लाकडी तुळईच्या खाचेत ती घट्ट बसवलेली असेल तर आधी अडकते, ताण घेते आणि मग टक्कन सुटते. खाच थोडी रुंद करून नळीखाली नमद्याची पट्टी सरकवली की ही टकटक थांबते.