आतलं ठिगळ

सोफ्याच्या चामड्यावर इंचभर चीर पडली की घरोघरी उपायांचा क्रम ठरलेला असतो: आधी चिकटपट्टी, मग सुपरग्लू, शेवटी वर उशी. तिघांत निरुपद्रवी फक्त उशी. चिकटपट्टीचा डिंक मागे राहतो आणि पुढे कोणताच लेप तिथे नीट धरत नाही. सुपरग्लू वाळून कडक होतो. चामडं लवतं, तो लवत नाही, आणि कोणी बसलं की त्याच्या कडेलाच दुसरी चीर जाते. दुरुस्तीला आलेल्या कारागिराचा बराच वेळ हे जुने उपाय खरवडण्यातच जातो.

जाणकार कारागीर हत्यारं काढण्याआधी चिरेत डोकावतो. आत लव, गुंतलेले तंतू दिसले तर खरं चामडं. मागे विणलेलं कापड दिसलं तर बहुधा रेक्झिन किंवा पीयू. सोफ्याचं चामडं आज बहुतेक क्रोमने कमावलेलं असतं. ऑगस्टस शुल्ट्झने १८८४ मध्ये अमेरिकेत या रीतीचं पेटंट घेतलं आणि साल-हिरड्याच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे चालणारं काम दिवसांवर आलं. कोल्हापुरी चपलेचं कातडं परंपरेने त्या जुन्या रीतीचं. ते राकट असतं. क्रोमचं मऊ आणि लवचिक, सोफ्यासाठी साधारण मिलिमीटरभर जाडीचं. तिसरा प्रकार बाँडेड लेदरचा: चामड्याचा चुरा, त्यावर पॉलियुरेथेनचा थर. मुंबईसारख्या दमट हवेत हा थर विघटित होतो आणि त्याच्या खपल्या निघू लागतात. अशा सोफ्याचं काम प्रामाणिक कारागीर घेत नाही, आणि न घेणारा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो.

पुढची परीक्षा पाण्याच्या थेंबाची, तीही सोफ्याच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला. थेंब मुरला आणि डाग गडद झाला तर चामडं अॅनिलिन, म्हणजे वर रंगाचा जाड थर नसलेलं. तिथे दुरुस्ती थोडीफार दिसणारच, हे आधीच सांगायला हवं. थेंब तसाच राहिला तर रंग वरच्या थरात आहे आणि काम सोपं.

आता खरी मदार ज्यावर, ते ठिगळ. चिरेपेक्षा चारी बाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर मोठा सुती किंवा कॅनव्हासचा तुकडा, कोपरे गोल कापलेला. टोकदार कोपरे आत सरकवताना दुमडतात आणि त्यांचा उंचवटा वरून कळतो. तुकडा चिमट्याने चिरेतून आत घालायचा, चामडं आणि फोम यांच्या मधे पसरून सपाट करायचा, मग पातळ पट्टीने चामड्याच्या खालच्या अंगाला लवचिक गोंद लावायचा. ठिगळ फोमला चिकटता कामा नये, नाहीतर दर बैठकीला ते ओढलं जातं. कडा एकमेकींना भिडवायच्या. कडेवर कडा चढली की तिथे कायमचा वळ. वर प्लॅस्टिक, त्यावर वजन, आणि थांबायचं.

एवढा खटाटोप का? नुसत्या कडा चिकटवल्या तर सांधा मिलिमीटरभर जाडीचा, आणि बसणाऱ्याचा सगळा ताण त्यावर. ठिगळ हा ताण बोटभर रुंद पट्टीवर पसरवतं. शिवण हा उपाय नव्हे: सुईच्या भोकांची रांग म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कड, पुढे तिथूनच फाटतं. शिवणच उसवली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जुन्याच भोकांतून टाके घालायचे.

बाकीचं काम सफाईचं. खाचेत फिलरचे पातळ थर, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. बारीक पॉलिश पेपर. स्पंजने टिपत रंगाचे हलके हात. शेवटी वरचा संरक्षक लेप. रंग दिवसाच्या उजेडात जुळवावा, ट्यूबलाइटखाली जुळलेला सकाळी फसवतो. चामड्याची नैसर्गिक सुरकुती हवी असेल तर शेजारच्या चांगल्या भागाचा सिलिकोनचा साचा घेऊन ती ओल्या फिलरवर उमटवतात.

आपल्या घरांत एक अडचण जास्त: टेकायच्या जागी मुरलेलं केसांचं तेल. ते आधी निघालं नाही तर रंग धरत नाही, आणि तेलाने मऊ पडलेला वरचा थर कपड्याने रगडला तर सुटून येतो. पावसाळ्यात प्रत्येक थर वाळायला वेळ लागतो, म्हणून घाईचं काम जुलै-ऑगस्टमध्ये टाळावं. वीतभर फाट बैठकीच्या मधोमध असेल तर ठिगळाचा नाद सोडून तो पूर्ण भाग बदलावा, तेच परवडतं.

छोट्या चिरेसाठी मात्र कारागीर बोलावलात तर भाव विचारण्याआधी एवढंच विचारा, ठिगळ आतून लावणार का. वरून गोंद लावून देतो म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.