कवेलूखालचा बांबू

सकाळी 5.30
साकोली तालुक्यातलं एक गाव. रोहिणी लागल्यात, मृग पंधरा दिवसांवर आहे. मिस्त्री सायकलीवरून उतरतात. वय साठीच्या पुढे. कॅरियरला करवत, कोयता, गिरमिट, पक्कड आणि तारेचं भेंडोळं. वानरांनी कवेलू फोडले, पावसाळाभर पाणी मुरलं आणि मागच्या पाख्याचे वासे कुजले. ते आज बदलायचे. भंडाऱ्यात मे महिन्यात भर दुपारी छपरावर माणूस टिकत नाही, म्हणून ही घाई.

सकाळी 6.00
कवेलू उतरतात. मिस्त्री वर, भाचा शिडीवर, खाली एक बाई. कवेलू या हातातून त्या हातात जातो. बाई तो धूळ झटकून भिंतीशी रचते. फुटका निघाला की बाजूला. मिस्त्रींचे 600 रुपये, भाच्याचे 400, बाईचे 300. वर विंचू निघतो. मिस्त्री त्याला कोयत्यानेच निकालात काढतात आणि पुढचा कवेलू उचलतात.

सकाळी 7.15
आता वासे उघडे पडले. मिस्त्री कोयत्याच्या पाठीने एकेक वाजवत जातात. टण्ण वाजला तर ठेवायचा. बद्द वाजला की पिवळी पिठी खाली पडते. घुण लागलेला. अठरा वासे बाद होतात.

चुलीवरचे वासे मात्र काळेकुट्ट आणि ठणठणीत. वर्षानुवर्षं धूर खाल्लेल्या बांबूला घुण तोंड लावत नाही. "आता गॅस आला," मिस्त्री म्हणतात. "बाईच्या डोळ्याले आराम. बांबूचं आपण पाहू."

सकाळी 8.00
नवा बांबू घरधन्याच्याच बांधावरचा, मानवेल. बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो, म्हणून वाशाला हाच पाहिजे. हिवाळ्यात तोडला, तोही तीन वर्षांच्या वरचा. कोवळा बांबू दिसायला सरळ, पण वाळला की सुरकुततो. मग महिनाभर गावच्या बोडीत दगडाखाली दाबून ठेवला. बांबूतली साखर आणि पिठूळपणा पाण्यात उतरतो. किड्याला खायला कमी उरतं. वास अजून येतोय, सडक्या पाण्याचा. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या नव्या पद्धतीत हेच काम बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात करतात. इथे बोडी फुकट आहे.

1927 च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोजलेला होता. जंगलाबाहेरचा बांबू त्यातून सुटला 2017 साली. घरधनी म्हणतो, "आता आपला बांबू आपला हाय." कुठून तरी विकत आणायचा तर आज नगाला 80 रुपये पडले असते.

सकाळी 9.30
चहा. भाचा खर्रा घोटतो. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना. मांडीवर घासून घासून. पुडी 20 रुपयांची, दिवसाला तीन. मिस्त्री खात नाहीत, पण त्याचा हिशेब त्यांना पाठ आहे.

सकाळी 10.00
बांधणी. खरं काम हेच. वासा गाठीच्या थोडा पुढे कापायचा, म्हणजे टोक चेपत नाही. एकाचा बुंधा आढ्याकडे, तर शेजारच्याचा खाली; नाही तर पाखं एकीकडे बसतं. खिळा थेट ठोकला की बांबू उभा चिरतो, म्हणून आधी गिरमिटाने भोक आणि त्यात बांबूचीच खुंटी. मग दुहेरी तार फुलीने फिरवून पक्कडीने पीळ. एक, दोन, तीन. मिस्त्री थांबतात. भाचा एकदा चौथा पीळ देतो आणि तार तुटते. कोणी काही बोलत नाही.

पूर्वी पळसाच्या मुळांचा वाक वापरत. तो भिजवून बांधायचा, वाळला की आपोआप आवळतो. मला विचाराल तर तारेपेक्षा तो बरा, तार गंजते. पण मुळं खणायला, कुटायला अख्खा दिवस जातो, आणि तार 90 रुपये किलो आहे.

सकाळी 11.30
काम बंद. शिडीची लोखंडी पायरी हाताला चटका देते. भात, लाखोरीचं वरण, कांदा. सगळे सपरीत आडवे होतात.

दुपारी 4.30
वाशांवर आडव्या कमच्या. मिस्त्री बांबू कोयत्याने मधोमध फाडतात. एकदा चीर लागली की हाताने ओढत नेतात. अंगठ्यात कुसळ जातं. दाताने काढतात.

कवेलू 120 कमी पडले. ते शेजारून आणले, 3 रुपयाला एक. त्या शेजाऱ्याला घरकुल मंजूर झालं. जुनं घर पाडून तिथे आता स्लॅब पडायचा आहे.

संध्याकाळी 6.45
हिशेब ओसरीत. मजुरी 1300, तार दोन किलो 180, कवेलू 360. एकूण 1840. घरधनी 1800 काढतो. 40 उद्याच्या बोलीवर. बाद वासे बाईने चुलीसाठी मागून घेतले. तिच्याकडे सिलिंडर आहे, रिकामा.

"मिस्त्री, सपरीचं पाखं उद्याच धरा ना."

"उद्या शेजारी सेंट्रिंगले जातो. स्लॅबाखाली बांबूच लावाचे हायेत. तिथं 700 देते."

"मंग आमचं?"

"मृगाच्या आधी करून देतो भाऊ. तार तेवढी आणून ठेवजा."