मोळी, नाका आणि कलम ६९

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीचे नाव सागवानाशी इतके जोडले गेले आहे की या जंगलाची दुसरी ओळख सहसा कुणी विचारत नाही. भामरागडच्या रस्त्यावर १९५३ पासून अवघे सहा हेक्टर जंगल कुऱ्हाडीपासून दूर राखले गेले. ते ‘वनवैभव’ २०१४ मध्ये महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसास्थळ झाले. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून याच मुलखातले सागवान वाजतगाजत गेले. या जंगलाचा आणखी एक इतिहास आहे, तो वनगुन्ह्यांच्या नोंदीत पडून आहे. एक मोळी सरपण, खांद्यावरचे चार बांबू, घराच्या आढ्यासाठी तोडलेले एक खोड, टोपलीभर मोहफूल. गेली दीडशे वर्षे या वस्तूंवरून इथे माणसे अडवली गेली, दंड भरत राहिली, कधी तुरुंगात गेली. या काळाकडे वळून पाहताना मला एकच गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. इथली किरकोळ चोरी लोकांच्या स्वभावातून आलेली नाही. जंगलातली वस्तू ज्या खिडकीतून मिळायला हवी होती, ती खिडकी ज्या पद्धतीने बांधली गेली त्यातून ही चोरी जन्माला आली.

त्यासाठी आधी कायद्याच्या अक्षरांकडे जावे लागते. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगल ही सरकारची मालमत्ता ठरवली, आणि १९२७ च्या भारतीय वनकायद्याने तीच चौकट पक्की केली. या कायद्यातली वनोपजाची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. काही वस्तू जंगलात सापडल्या किंवा जंगलातून आणल्या तरच वनोपज ठरतात. काही मात्र कुठेही सापडल्या तरी वनोपजच, आणि या दुसऱ्या यादीत लाख, राळ, हिरड्यासोबत मोहाची फुले आणि मोहाच्या बियाही आहेत. म्हणजे शेताच्या बांधावरच्या मोहाचे फूलसुद्धा कायद्याच्या नजरेत वनोपज. त्याला कलम ६९ जोडून वाचावे. एखादे वनोपज सरकारचे आहे की नाही असा वाद निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच मानायचे, असे हे कलम सांगते. एरवी चोरीच्या खटल्यात माल फिर्यादीचा होता हे फिर्यादीला दाखवावे लागते. इथे टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाईने ती आपली आहे हे दाखवायचे. ज्या समाजात कुठला मोह कुठल्या घराचा हे गावाला तोंडपाठ असते आणि कागदावर कुठेच नसते, तिथे हे सिद्ध करायचे कसे? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडलेला मोह त्या-त्या घरची माणसेच वेचतात, त्याला राखण लागत नाही. गावाने पाळलेल्या या मालकीला कायद्यात जागाच नव्हती.

कलम ६८ ही या व्यवस्थेची खरी खिडकी. संशयिताकडून पैसे घेऊन गुन्हा मिटवण्याचा अधिकार त्यात आहे. मूळ कायद्यात ही रक्कम ५० रुपयांपेक्षा जास्त नसावी आणि अधिकारी रेंजरच्या खालचा नसावा, अशी अट होती. हेतू बहुधा चांगलाच असावा. लाकडाच्या एका मोळीसाठी गरीब माणसाला कोर्टाच्या खेपा पडू नयेत. पण निकाल, वसुली आणि सुटका ही तिन्ही कामे एकाच खात्याच्या हाती आली की दंड आणि किंमत यांतला फरक पुसला जातो. माणूस वर्षानुवर्षे दंड भरतो आणि सरपण आणत राहतो. चोरीचे रूपांतर अशा वेळी बेकायदा खरेदीत होते, आणि त्या खरेदीची पावती मिळेलच याची खात्री नसते.

या सगळ्यात नाकेदाराची म्हणजे आजच्या वनरक्षकाची जागा कुठली? रेल्वे फलाटावरच्या, नाणे टाकून वस्तू देणाऱ्या यंत्राची देखभाल करणाऱ्या माणसाशी त्याची तुलना करावीशी वाटते. यंत्रातला माल त्याचा नसतो, किंमत त्याने ठरवलेली नसते, नाणे गिळून वस्तू न देण्याचा दोषही त्याचा नसतो. तरी चिडलेले गिऱ्हाईक समोर आले की शिव्या त्यालाच, आणि मालाचा हिशेब जुळला नाही की जाबही त्यालाच. वनरक्षकाकडे शेकडो हेक्टरांचे बीट असते आणि तिथे तो बहुतेक वेळा एकटा फिरतो. ताजे थूट सापडले तर उत्तर त्याने द्यायचे. ज्या गावातल्या माणसाला तो पकडतो त्याच गावातून त्याला उद्या पुन्हा जायचे असते. ही कैफियत मी वनरक्षकाविरुद्ध मांडत नाही. ज्या रचनेने गावकऱ्याला चोर केले, तिनेच त्याला रोजच्या भांडणाचा धनी केले.

खिडकी अजिबात नव्हती असे नाही. जुन्या मध्य प्रांतातून आलेली निस्ताराची पद्धत चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोली, जिल्ह्यात चालत आली. घरगुती गरजेचे जळाऊ लाकूड आणि बांबू सवलतीच्या दरात द्यायचा, बुरडांना कार्डावर बांबू द्यायचा, अशी ती सोय. कागदावर ही सोय न्याय्य आहे. पण जंगलातल्या बांबूचा मोठा वाटा लांब मुदतीच्या करारांनी कागद कारखान्याकडे जात राहिला, आणि बुरडांची बांबू मिळत नसल्याची तक्रार चंद्रपूर-गडचिरोलीत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत राहिली. डोळ्यांसमोरून बांबूचे ट्रक जात असताना स्वतःच्या कार्डावरचा बांबू मिळत नाही, हे पाहणाऱ्या माणसाने रात्री चार बांबू तोडले तर त्याला काय म्हणायचे? तेंदूपत्त्याची गोष्ट याहून बोलकी आहे. १९६९ च्या कायद्याने तेंदूच्या व्यापारावर राज्याचे नियंत्रण आले. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, असे माप ठरले. हे माप मोजले जाते ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, आणि मोजणारा असतो कंत्राटदाराचा माणूस. पाने खराब म्हणून पुडे बाजूला काढणे, शेकड्यामागे जादा पुडे मागणे या तक्रारी साऱ्या तेंदू पट्ट्यात होत्या. मजुराच्या हातातून अशा सुटलेल्या चार-पाच पुड्यांसाठी वनगुन्हा कधी नोंदला जात नाही. किरकोळ चोरी दोन्ही बाजूंनी होत होती. त्यातल्या एकाच बाजूच्या चोरीसाठी कायद्यात कलम होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की माणसाला राखण नसली की तो उचलतोच, त्यात कायद्याचा काय दोष? हा आक्षेप मी हलका मानत नाही. २०१७ च्या मे महिन्यात तेजस एक्स्प्रेस मुंबईहून गोव्याला पहिल्यांदा धावली. त्या प्रवासाअखेर डब्यांतले हेडफोन गायब झाले आणि टीव्हीच्या पडद्यांची नासधूस झालेली आढळली. ते प्रवासी भुकेले नव्हते, महागडे तिकीट काढून बसले होते. मोह सगळ्यांनाच पडतो, हे खरे. पण म्हणून मुंबई-गोवा मार्गावरच्या प्रत्येक प्रवाशाच्या हातातली वस्तू रेल्वेचीच आहे असे गृहीत धरणारे कलम कुणी मागितले नाही. उचलणाऱ्याला पकडावे, यावर दुमत नाही. प्रश्न आहे तो एका अख्ख्या समाजाच्या रोजच्या जगण्याला आगाऊ चोरी ठरवण्याचा. हा प्रश्न केवळ आपल्या जंगलांचाही नाही. जर्मनीतल्या ऱ्हाइन प्रांतात झाडाखाली पडलेले सुके लाकूड उचलणे ही चोरी ठरवण्याची चर्चा चालली असताना, १८४२ मध्ये तरुण कार्ल मार्क्सने त्याविरुद्ध वर्तमानपत्रात लेख लिहिले होते. आणि इथे विदर्भात, १९३० च्या जुलैत, लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून अटक ओढवून घेतली. गवताची पेंढी कापणे हा गुन्हा आहे हे आधीपासून घराघराला ठाऊक होते, म्हणूनच त्या सत्याग्रहाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

स्वातंत्र्यानंतरही ही खिडकी तशीच राहिली. त्याची किंमत गडचिरोली जिल्ह्याने ऐंशीच्या दशकापासून मोजली. प्राणहिता ओलांडून आलेल्या नक्षलवाद्यांनी इथे पाय रोवले ते मुख्यतः दोन प्रश्नांवर, तेंदूपत्त्याची मजुरी आणि जंगलखात्याचा जाच. २००८ मध्ये नियोजन आयोगाच्या तज्ज्ञ गटाने अशांत भागांच्या अभ्यासात हीच कारणे पुढे मांडली. नक्षलवादी हिंसेचे समर्थन कशानेही होत नाही. त्यात मेलेल्यांत आदिवासी आणि गरीब घरचेच लोक अधिक होते. पण मोळीवरच्या दंडाचा हिशेब मोळीपुरता राहत नाही, हे इथे जितके महाग पडले तितके क्वचितच कुठे पडले असेल.

याच जिल्ह्यात उलट दिशेचा पुरावाही आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाने सागवान वापरून घोटुल बांधले, तेव्हा वनखात्याने ते पाडून लाकूड नेले. कायद्याने पाहिले तर ही लाकूडचोरीच. गावाच्या दृष्टीने ती त्यांची सामाईक वास्तू होती. मेंढ्याने ते पुन्हा बांधले, आणि आजूबाजूच्या गावांनीही आपापली घोटुले उभारली. एखाद-दुसरा चोर असता तर तो घाबरून गप्प बसला असता. इथे गावेच्या गावे उघडपणे तेच करायला पुढे आली, यावरून त्यांच्या मनात गुन्ह्याची भावना नव्हती हे स्पष्ट होते. गावचे पुढारी देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने याच गावाने अभ्यास गट चालवले, एकमताने निर्णय घेण्याची सवय लावून घेतली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूची खिडकी उघडेना. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज म्हणत होता, १९२७ चा कायदा झाड. गावाच्या हक्काचा बांबू वाहतूक परवान्याअभावी गावाबाहेर जाऊ शकत नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबू तोच होता, माणसे तीच होती, पुस्तक कुणाच्या हातात आहे एवढेच बदलले आणि कालचा गुन्हा आजचा व्यापार झाला.

मेंढा अपवाद आहे, प्रत्येक गावाला देवाजी तोफा मिळत नाही, हा दुसरा आक्षेप. तो मला अर्धाच पटतो. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकून तिथे गावातच मजुरी उभी राहिली, आणि जंगलावर गस्त गाव स्वतःच घालू लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेंदूसाठी झाडे छाटली आणि आगी लावल्या जातात म्हणून पाचगावने हातचे उत्पन्न सोडून तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. लोकांच्या हाती दिले की जंगल ओरबाडले जाईल, या भीतीला याहून नेमके उत्तर कोणते असेल? याच्या कितीतरी आधी, १९७१-७२ च्या सुमारास, बंगालच्या मिदनापूर जिल्ह्यातल्या आराबारी इथे ए. के. बॅनर्जी या वनाधिकाऱ्याने सुमारे १,२७० हेक्टर सालवनाबाबत हाच अनुभव घेतला होता. अंतिम तोडीतला पंचवीस टक्के वाटा मिळणार म्हटल्यावर कालपर्यंत सालाची खोडे चोरून विकणाऱ्या गावांनी ते जंगल वाढवून दाखवले. महाराष्ट्राने १९९२ मध्ये संयुक्त वनव्यवस्थापन स्वीकारले ते अशाच अनुभवांच्या जोरावर. पण त्यात वाटा खात्याच्या मर्जीचा होता, हक्काचा नव्हता, आणि म्हणून पुष्कळ ठिकाणी समित्या फलकापुरत्या उरल्या. तेव्हा पुढारी मिळणे हा योगायोग असेलही. वाटा हक्काचा असला की राखण आपोआप उभी राहते, हे मात्र मिदनापूर आणि पाचगाव इतक्या दूरच्या दोन ठिकाणी दिसले आहे.

सर्वांत अवघड आक्षेप सागवान तस्करीचा. आलापल्ली आणि सिरोंच्याच्या जंगलातून रात्री लठ्ठे पाडून नदीपलीकडे पोहोचवणाऱ्या टोळ्या खऱ्या आहेत. त्यांच्यासमोर वनरक्षक जीव मुठीत धरून उभा असतो, आणि लठ्ठ्यावर वनखात्याच्या हातोड्याचा खोटा ठसा मारणाऱ्याला कठोर शिक्षा हवीच. १९२७ च्या कायद्यातही हा गुन्हा वेगळा काढून पैसे घेऊन मिटवण्याच्या तरतुदीबाहेर ठेवला आहे, आणि ते योग्यच आहे. पण या टोळ्यांना झाड दाखवणारा, वाट दाखवणारा आणि पाहूनही गप्प राहणारा माणूस स्थानिक असतो. तो का गप्प राहतो? स्वतःच्या मोळीसाठी ज्याला चोर म्हटले गेले, त्याला सरकारच्या सागवानाची राखण करावीशी का वाटावी? लहान चोरीला सूट दिली की मोठी वाढते, असा युक्तिवाद नेहमी होतो. इथला अनुभव मला नेमके उलटे सांगतो. लहान माणसाला चोर ठरवण्यात खर्ची पडलेला विश्वास मोठ्या चोराला पकडायच्या वेळी कमी पडतो.

गेल्या काही वर्षांत खिडकी थोडी उघडली, हे नाकारू नये. वनहक्काचे नियम २०१२ मध्ये सुधारले आणि वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. २०१७ च्या अखेरीस वनकायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. राज्याने २०२१ मध्ये मोहफुलांवरची बंधने सैल केली. याच काळात, २०१९ च्या मार्चमध्ये, वनअधिकाऱ्यांना शस्त्र वापरण्याचे अधिक अधिकार देणारा वनकायद्याचा मसुदाही पुढे आला होता. देशभर विरोध झाल्यावर तो नोव्हेंबरमध्ये मागे घ्यावा लागला. दोन्ही प्रवाह एकाच वेळी वाहत आहेत. १९२७ च्या कायद्यातल्या यादीत मोहफूल अजून आहे आणि कलम ६९ चे गृहीतकही जिवंत आहे. त्याच मोहफुलावर २००६ चा कायदा वेचणाऱ्याची मालकी मान्य करतो. उन्हाळ्यात आलापल्लीच्या एखाद्या नाक्यावर मोहाची गोणी लादलेली बैलबंडी येते, तेव्हा या दोहोंपैकी कुठला कायदा आधी वाचायचा हे तिथे उभ्या असलेल्या वनरक्षकालाच ठरवावे लागते.