कर्मलोप

क्रियापद सकर्मक असूनही त्याचे कर्म शब्दरूपाने उच्चारले न जाणे आणि ते संदर्भावरून किंवा क्रियापदाच्या रूपावरून समजून घेतले जाणे, ह्यास कर्मलोप म्हणतात. ‘छत्री आणलीस का?’ ह्या प्रश्नास ‘आणली’ एवढेच उत्तर मिळाले, तरी काय आणले ह्याविषयी श्रोत्यास संशय राहत नाही. येथे कर्म अध्याहृत आहे. ‘ती शिवते’, ‘तो वाचत बसला आहे’ ह्यांसारख्या वाक्यांत मात्र काय शिवते, काय वाचतो हे सांगण्याचा वक्त्याचा हेतूच नसतो. तेथे कर्म अविवक्षित असते. ‘तो पितो’ ह्या वाक्यात मद्य हे कर्म रूढीनेच ठरून गेले आहे. निश्चित व अनिश्चित लोपांतील हा भेद चार्ल्स फिलमोर ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये इंग्रजीच्या संदर्भात स्पष्टपणे मांडला.

भारतीय व्याकरणपरंपरेस हा विषय फार पूर्वीपासून परिचित आहे. भर्तृहरीने वाक्यपदीय ह्या ग्रंथात सकर्मक धातू अकर्मक होण्याची चार कारणे दिली आहेत : धातूचा अर्थ बदलणे, कर्म धात्वर्थातच सामावलेले असणे, कर्म सुप्रसिद्ध असणे आणि कर्म सांगण्याची इच्छा नसणे. ‘हमाल ओझे वाहतो’ व ‘नदी वाहते’ ही पहिल्या कारणाची मराठीतही लागू पडणारी उदाहरणे होत. ‘जगणे’ म्हणजे प्राण धारण करणे, म्हणून तेथे प्राण हे कर्म वेगळे सांगावे लागत नाही. मेघ वर्षतो म्हटले की जल आपोआप कळते. लुप्त घटक मनात भरून काढताना शब्दाचा अध्याहार करावयाचा की केवळ अर्थाचा, ह्याविषयी नैयायिक व प्राभाकर मीमांसक ह्यांच्यात वाद होता. नैयायिक शब्दाचा, तर प्राभाकर अर्थाचा अध्याहार मानीत. आधुनिक भाषाशास्त्रातील ‘रिक्त सर्वनामा’ची चर्चा ह्या वादापासून फार दूर नाही.

कर्मलोपाची मुभा सर्व भाषांत सारखी नाही. इंग्रजीत निश्चित कर्माच्या जागी सर्वनाम बहुधा द्यावेच लागते. त्यामुळे मराठी विद्यार्थी इंग्रजी लिहिताना हे सर्वनाम गाळतात. परंतु पाककृती, औषधांवरील सूचना ह्यांत इंग्रजीही कर्म बिनदिक्कत वगळते. स्वाहिलीत कर्माच्या वर्गाचा निदर्शक प्रत्यय क्रियापदात येतो : ‘नि-लि-कि-सोमा’ (मी ते वाचले) ह्यातील ‘कि’ हा ‘किताबू’ (पुस्तक) ह्या शब्दाच्या वर्गाचा आहे. हंगेरियनमध्ये ‘लातोक’ म्हणजे ‘मी पाहतो’ आणि ‘लातोम’ म्हणजे ‘मी ते पाहतो’. कर्म निश्चित आहे एवढे रूपच सांगते. चिनी भाषेत क्रियापदास असा कोणताही विकार होत नाही, तरी कर्म सर्रास लोप पावते. अशा भाषांत लुप्त कर्म संभाषणाच्या चालू विषयाशी जोडलेले असते, असे प्रतिपादन सी. टी. जेम्स हुआंग ह्यांनी १९८४ मध्ये केले. लुईजी रित्झी ह्यांनी १९८६ मध्ये इटालियनमधील ‘कोणालाही’ अशा अर्थाच्या लुप्त कर्माची चिकित्सा केली. मराठीतील ‘हा प्रसंग विचार करावयास लावतो’ हे वाक्य त्याच जातीचे आहे.

मराठीत भूतकाळी कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या लिंगवचनांप्रमाणे चालते, त्यामुळे लुप्त कर्माची खूण मागे राहते. बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे मन्मथस्वामी ह्या वीरशैव संतकवींच्या समाधिस्थानी कार्तिक पौर्णिमेस यात्रा भरते व तीस महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक-तेलंगणातूनही भाविक येतात. अशा यात्रेत मराठी भाविक नारळाविषयी ‘आणला’, विभूतीविषयी ‘आणली’ आणि फुलाविषयी ‘आणलं’ म्हणेल. कन्नड भाविकाचे ‘तंदे’ किंवा तेलुगू भाविकाचे ‘तेच्चानु’ (मी आणले) हे एकच रूप तिन्हींना पुरते, कारण त्या भाषांत क्रियापद कर्त्याशीच जुळते. कर्मलोप मात्र तिन्ही भाषांत होतो. तेव्हा क्रियापदाचे कर्माशी जुळणे हे मराठीतील कर्मलोपाचे कारण आहे, असे म्हणता येत नाही. मराठीतच ‘शिकणे’, ‘विसरणे’ ही क्रियापदे भूतकाळातही कर्त्याप्रमाणे चालतात. ‘छत्री विसरलास का?’ ह्यावर ‘विसरलो’ हे उत्तर, कर्माची कोणतीही खूण नसताना, पुरेसे होते.

ही खूण लेखनात कितपत टिकते, हा प्रश्न जुन्या ग्रंथांच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो. पूर्वी ‘पाहिलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘पाहिले’ हे पुल्लिंगी अनेकवचन असे. तसेच ‘पाहिली’ (नदी) व ‘पाहिलीं’ (देवळे). मराठी साहित्य महामंडळाची जी नियमावली १९६२ मध्ये शासनमान्य झाली, तिने हे अनुच्चारित अनुस्वार गाळले. बोलण्यात ‘पाहिलं’ आणि ‘पाहिले’ हा भेद आजही ऐकू येतो, पण प्रमाण लेखनात दोन्ही ‘पाहिले’ झाले; शिवाय ‘त्यास पाहिले’ ह्या भावे प्रयोगाचे रूपही तेच. व्यवहारात ह्यामुळे फारसे अडत नाही. परमरहस्य ह्या मन्मथस्वामींच्या ग्रंथासारखे जे प्राचीन मराठी वाङ्मय पारायणाने आजही वाचले जाते, त्याच्या संपादकाने मात्र सावध राहावयास हवे. एखाद्या ओवीत कर्म लुप्त असून क्रियापद ‘पाहिले’ असेल, तर जे पाहिले ते सद्गुरू (आदरार्थी अनेकवचन). ‘पाहिलें’ असेल, तर ते ब्रह्म किंवा तत्त्व. एका बिंदूने दर्शनाचा विषयच बदलतो. जुन्या ग्रंथाची नव्या नियमांनुसार छपाई करताना सरसकट अनुस्वार गाळणे म्हणूनच इष्ट नाही. हस्तलिखितांतही लेखनिकांनी अनुस्वार नियमाने दिलेला असतोच असे नाही. अशा स्थळी मागील-पुढील ओव्यांतील कर्म पाहून आणि उपलब्ध पोथ्या ताडून पाठ ठरवावा लागतो व पाठभेद तळटीपेत नोंदवावा लागतो.